माणशी दोन

एका गावात एक भोळा घरजावई होता. गावाचं नाव बोरवडी, जावयाचं नाव गबाजी. अंगात बैलाचं बळ, मनात कपट नाही आणि सांगितलेल्या कामाला कधी नाही म्हणायचा नाही. अडचण एवढीच होती की काम जसं सांगितलं तसंच करायचा.

त्याचे सासरे हैबतराव. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. गबाजी त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. बहिणीनं पदर पसरला, हैबतरावांनी थोरली मुलगी रत्ना भाच्याला दिली आणि भाचा घरीच ठेवून घेतला. म्हणून गबाजी सासऱ्याला मामा म्हणे, सासूला मामी म्हणे, आणि मामा त्याला काय काय म्हणत ते लहान मुलांसमोर सांगता येत नाही.

रत्नाची धाकटी बहीण हेमा. तिला तालुक्याच्या कॉलेजातला मयूर आवडला होता. मयूरलाही हेमा आवडली होती. दोघांचं आपसांत ठरलं होतं. पण आपसांत ठरून लग्नं व्हायला लागली तर वडीलधाऱ्यांनी काय माश्या मारायच्या? मयूरच्या घरी त्याच्या चुलत्यांचा, बापूसाहेबांचा शब्द चाले. ते हो म्हणाले तर सुपारी फुटणार. नाही म्हणाले तर हेमाला आत्याच्या गावचा पतपेढीतला मुलगा करायचा, असं हैबतरावांनी जाहीर केलं होतं. त्या मुलाला हेमानं एकदा पाहिलं होतं. एकदाच तिला पुरलं होतं.

बापूसाहेबांचा निरोप आला. ‘रविवारी सहा जण येतो. तुमच्या गावची जांभळाची बिअर फार नावाजलीय म्हणे.’

एवढाच निरोप. पण हैबतराव समजले. हे पाहुणे कांदेपोह्यांवर भागणारे नव्हते.

आता ही बिअर काय प्रकार होता तेही सांगतो. बोरवडीच्या डोंगराखाली शहरातल्या एका माणसानं बिअरचा छोटासा कारखाना काढला होता. टाक्या थोड्या, माल थोडा. पण जांभळाची बिअर अशी काही जमली की शहरातून गाड्याच्या गाड्या यायला लागल्या. मग कुणा एकानं टेम्पो भरून माल पळवला आणि मागची रांग कोरड्या घशानं घरी गेली. तेव्हापासून खिडकीवर पाटी लागली : ‘माणशी दोन बाटल्या. वाद घालू नये.’ खिडकीत लोखंडेबाई बसायच्या. आमदाराचा माणूस आला तरी दोन, मालकाचा मेहुणा आला तरी दोन. मेहुण्यानं वाद घातला होता. त्याला एकच मिळाली.

हैबतरावांनी गबाजीला हाक मारली. “गबाजी, कारखान्यावर जा आन् जांभळाची बाटली घेऊन ये. जरा चव बघू.”

गबाजी गेला. रांगेत उन्हाचा उभा राहिला. एक बाटली घेऊन आला.

“एकच?” हैबतराव म्हणाले.

“बाटली आण म्हणला, मामा.”

“आन् तिथं देत्यात किती?”

“माणशी दोन.”

“मग दुसरी कुठाय?”

“बाई देत हुत्या. मीच नगं म्हणलं.”

हैबतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. “आरं येड्या, जिथं माणशी दोन मिळत्यात तिथं दोन घ्यायच्या! नड असू दे, नसू दे. आपल्या हक्काचं सोडून यायचं न्हाई!”

“बरं, मामा,” गबाजी म्हणाला.

आणि ते त्याच्या डोक्यात बसलं. गबाजीच्या डोक्यात एकदा बसलेलं सहसा उठत नसे. तिथं गर्दी नसल्यामुळं ते ऐसपैस बसे.

हैबतरावांनी बाटलीची चव बघितली. बघता बघता बाटली संपली. चव चांगली होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची, तानूबाईंची दाढ ठणकायला लागली. पाहुण्यांसमोर गाल धरून बसणं बरं दिसत नाही. हैबतराव म्हणाले, “गबाजी, मामीला तालुक्याला ने आन् दात काढून आण.”

दातांचा डॉक्टर तरुण होता. दवाखाना नवीन होता, खुर्चीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. त्यानं तानूबाईंच्या तोंडात बॅटरी मारली. म्हणाला, “एकच दाढ किडलीय. बाकी बत्तिशी ठणठणीत आहे.” मग त्यानं दाढ काढली, तोंडात कापूस कोंबला आणि हात धुतले.

गबाजी दारातून हलेना.

“झालं, जा आता,” डॉक्टर म्हणाला.

“आन् दुसरा?”

“दुसरा काय?”

“दुसरा दात. माणशी दोन असत्यात.”

“अहो, दुसरा चांगला आहे!”

“नड असू दे, नसू दे. हक्काचं सोडून जायचं न्हाई.”

डॉक्टरनं दाराकडं पाहिलं. दारात दार दिसत नव्हतं, गबाजीच दिसत होता. तानूबाई खुर्चीतून हातपाय झाडत ओरडल्या, “ऊं! ऊं! ऊं!”

“बघा,” गबाजी म्हणाला, “त्या बी हूं म्हणत्यात.”

“कुठला काढू?” डॉक्टरनं घाम पुसत विचारलं.

गबाजीनं वाकून नीट निरखलं. बाजारात वांगी निवडावीत तसा एक निवडला. पुढचा. पांढराशुभ्र, डाग नाही, कीड नाही. “ह्यो बरा दिसतुय,” तो म्हणाला.

संध्याकाळी गबाजीनं दोन्ही दात कागदाच्या पुडीत बांधून मामांच्या हातावर ठेवले. तानूबाई मागून आल्या. पुढचा दात गेल्यामुळं त्यांच्या बोलण्यातून वारा जात होता.

“फत्यानाफ केला!” त्या म्हणाल्या. “फगळा फत्यानाफ!”

हैबतरावांनी आधी गबाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातल्या निम्म्या पिढ्या त्यांच्याच निघाल्या, म्हणून थांबले. खरं तर त्यांच्या डोक्यात दात नव्हताच. सहा पाहुण्यांना बारा बाटल्या लागणार आणि बारा बाटल्यांना रांगेत सहा माणसं लागणार, हेच घोळत होतं. त्या भरात ते ओरडले, “आरं, एकट्या माणसावर सगळा भार टाकत्यात व्हय? जिथं जास्ती घ्यायचं तिथं माणसं न्यायची, माणसं! गाव गोळा करून न्यायचा! रांगेत हुबं ऱ्हायचं आन् ज्याचं त्यानं घ्यायचं!”

“बरं, मामा,” गबाजी म्हणाला.

गुरुवारी सरपंचांच्या आईचं तेरावं होतं. बोरवडीत जेवणाची आमंत्रणं दोन तऱ्हेची असतात. ‘चूलबंद’ म्हटलं की घरातल्या सगळ्यांनी यायचं, चूल पेटवायचीच नाही. ‘घरटी एक’ म्हटलं की घरातून एकानं जायचं आणि बाकीच्यांनी वास घ्यायचा. सरपंचांचं आमंत्रण घरटी एक होतं. हैबतराव भिंतींना चुना लावून घेण्यात गुंतले होते. म्हणाले, “गबाजी, तू जाऊन जेवून ये. लाडू हायेत म्हणं.”

लाडू म्हटल्यावर गबाजी थबकला. लाडू म्हणजे जास्ती घ्यायची वस्तू. जास्ती घ्यायचं तिथं माणसं न्यायची.

वाटेत एसटीचा थांबा होता. तिथं एक एसटी पंक्चर होऊन उभी होती. उतारू भुकेनं कासावीस होऊन रस्त्याच्या कडेला बसले होते. गबाजीनं कंडक्टरला नमस्कार केला. “चला जेवायला. माणशी दोन लाडू.”

भुकेल्याला आमंत्रणाची तऱ्हा कोण सांगत बसतो? अख्खी एसटी आली. ड्रायव्हर आला, कंडक्टर आला, माहेरी निघालेल्या बाया आल्या, एक बँडवाला आपला ताशा घेऊन आला. सगळे शिस्तीत रांगेनं मांडवात शिरले. म्हातारीच्या फोटोला एकेकानं हात जोडले. “कधी गेल्या?” “काय झालं होतं?” “चेहरा किती बोलका आहे!” असं म्हणत पंगतीला बसले. गबाजी पंगतीतून फिरत होता. “दोन घ्या. नड असू दे, नसू दे. हक्काचं सोडू नगा.”

सरपंचांची भाऊकी आली तेव्हा पातेल्यांत डाव वाजत होता. जेवण आटोपल्यावर कंडक्टरनं सवयीनं शिट्टी मारली आणि सगळे उठले. बँडवाल्याला फुकट जेवायची सवय नव्हती, म्हणून त्यानं जाता जाता थोडा ताशा वाजवला. तेराव्याला.

सरपंचांनी त्या दिवशी सकाळची भाकरी चटणीशी खाल्ली आणि संध्याकाळी हैबतरावांच्या दारात येऊन जे बोलायचं ते बोलले. गावानं हैबतरावांशी बोलणं टाकलं. पण खरी पंचाईत पुढंच होती. शनिवारी बिअरच्या रांगेत उभं राहायला आता सहा सोडा, एक माणूस मिळेना. हैबतरावांना स्वतः जायचं होतं, पण रांगेत सरपंचांची भाऊकी उभी असायची. तेराव्याला उपाशी राहिलेली माणसं होती ती. गबाजीच्या अंगावर मात्र जायची कुणाची छाती नव्हती.

हेमानं दोन दिवस नीट घास घेतला नव्हता. ती चुलीपुढं बसून राहायची आणि पतपेढीतला मुलगा आठवला की चूल फुंकायची. रत्नाला बहिणीकडं बघवेना.

हैबतरावांनी गबाजीला समोर बसवलं. “आता नीट ऐक. यवढी तोंडं एकदम दावायची नसत्यात. एकट्यानं जायचं. दोन घ्यायच्या, झाडामागं जायचं. टोपी बदलायची, सदरा बदलायचा, परत जायचं. दुसऱ्यांदा त्याच माणसाम्होरं जायचं म्हंजी येष बदलूनच जायचं. कुणी वळखलं तर म्हणायचं, मी पहिल्यांदाच आलोय, मघाचा तो दुसरा हुता. ध्यानात ऱ्हाईल?”

“बरं, मामा.”

रत्नानं टोप्या-सदऱ्यांचं गाठोडं बांधून दिलं. हेमा दारापर्यंत आली. “दाजी, माझं समदं आता तुमच्या हातात हाय.”

गबाजीनं हाताकडं पाहिलं. हातात गाठोडं होतं. “रत्नाचे सदरे हायेत,” तो म्हणाला. “म्हंजी माझेच, पर धुतलेत तिनं.”

कारखान्यावर ही रांग! आखूड चड्ड्या घातलेली, काळे चष्मे लावलेली शहरातली माणसं. गबाजी पांढरी टोपी घालून खिडकीशी पोचला. लोखंडेबाईंनी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “मी पहिल्यांदाच आलोय. मघाचा तो दुसरा हुता.”

“मघाचा कोण?” लोखंडेबाई म्हणाल्या.

“त्यो अजून आला न्हाई.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी दोन बाटल्या दिल्या. गबाजी बाभळीमागं गेला. बाभूळ कसली, काडी होती. सगळ्या रांगेला दिसत होतं. त्यानं सदरा काढला, दुसरा चढवला, माकडटोपी घातली आणि परत आला.

“मी पहिल्यांदाच आलोय. मघाचा तो दुसरा हुता.”

“अहो गबाजीराव,” बाई म्हणाल्या, “टोपी दुसरी आहे, माणूस तोच आहे.”

“न्हाई, त्यो दुसरा.”

“मग तो कुठाय?”

“त्यो झाडामागं सदरा काढतुय.”

बाईंनी नियमावर बोट ठेवलं आणि त्याला हाकललं. तो फेटा बांधून आला. हाकललं. गमछा गुंडाळून आला. हाकललं. शेवटी गाठोड्यातले कपडे संपले तेव्हा पुन्हा पहिली पांढरी टोपी घालून आला. बाईंनी डोक्याला हात लावला. “आता हा तर मघाचाच!”

“व्हय,” गबाजी म्हणाला. “मघाचाच हाय. पर पहिल्यांदाच आलाय.”

रांग पोट धरून खाली बसली. एका टकल्या गृहस्थाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “बाई, इतकं मी थेटरात पैसे भरून कधी हसलो नाही,” तो म्हणाला, आणि आपल्या दोनांतली एक बाटली त्यानं गबाजीच्या गाठोड्यात टाकली. त्याचं पाहून दुसऱ्यानं टाकली. मग तिसऱ्यानं. लोखंडेबाईंनी खिडकीतून तोंड फिरवलं. “माझ्या हातून दोनच गेल्यात,” त्या डोंगराला म्हणाल्या. “बाकीचं मी बघितलं नाही.”

गाठोड्यातून बारा बाटल्या निघाल्या तेव्हा हैबतरावांनी भाच्याला कडकडून मिठी मारली. जन्मात पहिल्यांदा. “शाब्बास रे पठ्ठ्या! आता उद्या पावण्यांम्होरं बी मी शिकवलं तसंच वाग!”

“बरं, मामा.”

इथं हैबतरावांनी आपली जीभ चावायला हवी होती. ती त्यांनी मिशांवरून फिरवली.

रविवारी पाहुणे आले. बाटल्या पोत्यात घालून विहिरीत सोडल्या होत्या, गारेगार झाल्या होत्या. तानूबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. बापूसाहेब बैठकीत लोडाला टेकले. शेजारी मयूर. गबाजी पांढरी टोपी घालून पाणी घेऊन आला. स्वयंपाकघराच्या दारातून रत्ना म्हणाली, “अहो, तांब्या ऱ्हायला की.”

“हे आमचे थोरले जावई,” हैबतराव म्हणाले. बापूसाहेबांनी मान डोलावली. सगळं झकास चाललं होतं.

गबाजी आत गेला. पोतं वर ओढलं, ग्लास भरले, तबक उचललं. आणि थांबला. त्याच माणसांसमोर दुसऱ्यांदा जायचं होतं.

तो लाल फेटा आणि काळं जाकीट घालून बाहेर आला.

हैबतरावांनी त्याच्याकडं न बघताच तबकातला पहिला ग्लास उचलून तोंडाला लावला. बापूसाहेबांनी गबाजीकडं निरखून पाहिलं. “मघाशी पाणी आणलं ते तुम्हीच ना?”

“छ्या! मी पहिल्यांदाच आलोय. मघाचा तो दुसरा हुता.”

हैबतरावांना असा ठसका लागला की जांभळाची बिअर नाकातून मिशीत उतरली. बोलायला तोंड उघडलं की फेसच यायचा.

“मग तुम्ही कोण?” बापूसाहेबांनी विचारलं.

“मी ह्या घरचा जावई.”

“आणि मघाचे ते?”

“त्यो बी ह्या घरचा जावई.”

“म्हणजे यांना थोरल्या मुली दोन आहेत?”

“न्हाई, एकच हाय. रत्ना.”

“अहो!” दारातून रत्ना कळवळून म्हणाली.

“बघा, मला हाक मारतीया,” गबाजी म्हणाला.

“पण मघाच्यालाही ती ‘अहो’च म्हणाली!”

“दोघांस्नी बी अहोच म्हणती. नवऱ्याचं नाव घेत्यात व्हय?”

तानूबाईंना राहवेना. त्यांनी पदर सोडला. “फाफ खोटं हाय! फगळं फाफ खोटं!” त्या ओरडल्या. पाहुण्यांना काही कळलं नाही. दात मात्र दिसला, म्हणजे नव्हता तो दिसला.

बापूसाहेबांनी ग्लास खाली ठेवला. आवाज थंड झाला होता. “एका मुलीला दोन नवरे?”

“माणशी दोन,” गबाजी म्हणाला. “पाटीच हाय तशी.”

“आणि धाकटीला?”

“तिचा एक तुम्ही आणलाय की.” गबाजीनं मयूरकडं बोट केलं. “दुसरा अजून बघायचाय. बघू, मिळंल. हक्काचं सोडायचं न्हाई असं मामांनी सांगितलंय.”

बापूसाहेब उठले. त्यांच्याबरोबर बाकीचे उठले. चपला शोधायला लागले. दाराआड हेमानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तिला रडूही येईना. डोळ्यांपुढं पतपेढी दिसायला लागली होती.

मयूर मात्र चपलांकडं गेला नाही. हेमानं त्याला दाजींच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या, दातापासून ताशापर्यंत. तो उठला. आतल्या खुंटीवर गबाजीनं काढून ठेवलेली पांढरी टोपी होती, ती त्यानं डोक्यावर घातली. मागच्या दारानं बाहेर पडला आणि पुढच्या दारानं आत आला.

“राम राम,” तो गबाजीला म्हणाला. “मी पहिल्यांदाच आलोय. मघाचा तो दुसरा होता.”

गबाजीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही हेमाचे दुसरे व्हय?”

“हो. दुसराच.”

“मग झाले दोन!” गबाजीचा चेहरा उजळला. “आता तिसरा आला तर घ्यायचा न्हाई. नियम हाय.”

बापूसाहेबांनी पुतण्याकडं पाहिलं. टोपीकडं पाहिलं. गबाजीकडं पाहिलं. आणि एकदम सगळा उलगडा होऊन ते चपलांवरच बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी पाणी मागितलं. पाणी द्यायला गबाजी वेष बदलायला निघाला तेव्हा त्याला चौघांनी धरलं. मग हैबतरावांनी मिशी पुसत पहिल्यापासून सगळी हकिकत सांगितली आणि बाराच्या बारा बाटल्या सत्कारणी लागल्या. सुपारी फुटली. हेमा देवघरात जाऊन मनसोक्त रडली, आणि ते रडणं आनंदाचं होतं.

गोष्ट इथं संपली असती. पण एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानातून निसटली. मयूरची ती थट्टा होती हे घरादाराला कळलं होतं. गबाजीला कुणी सांगितलं नव्हतं.

लग्नाला सगळं गाव आलं. सरपंचांनी राग सोडला, कारण आमंत्रण चूलबंद होतं. नवरदेव पाटावर उभा राहिला. पलीकडं हेमा हार घेऊन उभी. मधल्या अंतरपाटाचं एक टोक धरलं होतं मयूरच्या मेहुण्यानं आणि दुसरं, मोठ्या मानानं, गबाजीनं. मंगलाष्टकं झाली. वाजंत्री वाजायला तयार. हजार मुठी अक्षता घेऊन वर झाल्या. “सावधान!” भटजी म्हणाले. “अंतरपाट काढा!”

मेहुण्यानं टोक सोडलं. गबाजीनं ते झटकन पकडलं आणि दोन्ही हात फाकून अंतरपाट होता तिथंच ताणून धरला.

“सोड!” हैबतराव ओरडले. “आरं सोड, मुहूर्त टळतुय!”

“सोडतो की, मामा,” गबाजी मांडवाच्या दाराकडं बघत म्हणाला. “जरा दमा. अजून एकच आलाय.”